यादीतून गेलेला पत्ता

१

सगुणानं शर्मिष्ठाला येताना पाहिलं आणि पाटीवर फडकं ओढून घेतलं.

सात बंगल्याचा मासळी बाजार, बुधवारची सकाळ, नवरात्र संपून गिऱ्हाइकांची नुसती झुंबड, आणि ही बाई पाटी झाकतेय! शर्मिष्ठा गुप्ते पंचवीस वर्षं हिच्याकडून मासे घेत होती. भाव करायची, कचाकचा भांडायचीही, पण दुसऱ्या कोळणीपुढे कधी उभी राहिली नव्हती.

"सगुणा, पापलेट दाखव ना गं."

"तुमाला नाय."

"का? काय झालं?"

"माझ्या पोरीला खोटारडी ठरवलात ना तुमच्या घरच्यांनी? मंग माझ्या हातचं मावरं कशाला पायजे?" सगुणाचा आवाज एवढा चढला की शेजारच्या दोघींनी कोयते थांबवले. "शुक्रवारी चार वाजता बोलावलंय तिला. जाब द्यायला. नोकरी तर जाईलच, पण असा डाग लागल्यावर दुसरीकडं कोण ठेवील तिला?"

शर्मिष्ठा जागच्या जागी उभी राहिली. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. गेल्या शनिवारी सकाळी तिचा धाकटा भाऊ मार्तंड घरातच कोसळला, तेव्हापासून तिचे दिवस हॉस्पिटलच्या बाकड्यावर गेले होते. पेसमेकर बसला, जीव वाचला, कालच त्याला साध्या वॉर्डात आणलं. एवढ्या धावपळीत त्याचा मुलगा अनय तक्रार लिहीत बसला होता म्हणायचा.

सगुणाची मुलगी कल्पिता हृदयरोगाच्या एका क्लिनिकमध्ये टेक्निशियन होती. मार्तंडच्या छातीवरची पट्टी आणि उशाशी ठेवायचं यंत्र तिनंच बसवलं होतं. ठोका चुकला की यंत्रानं घरच्या वायफायवरून क्लिनिकला निरोप पाठवायचा, आणि सगळं ठीक असेल तर गप्प राहायचं. कोसळण्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, मार्तंडचे ठोके तीनदा चुकले. यंत्रानं तीनदा निरोप धाडला. क्लिनिकला एकही पोचला नाही.

"सगुणा, मला यातलं काही माहीत नव्हतं."

"आता झालं ना माहीत?"

शर्मिष्ठानं रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली. सत्तर वर्षांची ही बाई टेलिफोन एक्स्चेंजमधून सुपरवायझर म्हणून रिटायर झाली होती, आणि बिघाड सापडल्याशिवाय डबा उघडायची नाही अशी तिची तिथे ख्याती होती. लग्न केलं नाही, कुणाचं ऐकून घेतलं नाही.

"शुक्रवारी चारच्या आत ज्याची चूक असेल त्याला तुझ्या पोरीसमोर उभा करते," ती म्हणाली. "मग तो कुणी का असेना."

२

"आत्या, तू यात पडू नकोस ना," अनय म्हणाला. विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता तो. कुणाच्या दाव्यात खोट कुठे आहे ते शोधायची सवय हाडीमाशी भिनलेली. "सरळ केस आहे. त्या मुलीनं काम केलंच नाही."

"दाखव."

मार्तंडच्या हॉलच्या कोपऱ्यात टीव्हीखाली एक पांढरी डबी होती, साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी. घरात येणारं-जाणारं सगळं इंटरनेट हिच्यातून गाळून जायचं. गेल्या वर्षी मार्तंडनं 'वीज कापली जाईल' असल्या मेसेजवर बोट ठेवलं आणि खात्यावर डल्ला पडता पडता राहिला. तेव्हा अनयच्या मामेभावानं, गोरेगावच्या चैतन्यनं, ही फायरवॉल बसवून दिली होती. मार्तंड तिला वॉचमन म्हणायचा. तिच्यावर दसऱ्याच्या कुंकवाचं बोट अजून तसंच होतं, घरातल्या मिक्सरवर आणि शिलाई मशीनवर होतं तसंच.

"हिच्यात लाखो पत्त्यांची ब्लॉकलिस्ट आहे. तयार मिळते. त्यात चोरांबरोबर एखादा साव पण अडकतो. क्लिनिकच्या सर्व्हरचा पत्ता असाच अडकला होता. म्हणून दसऱ्याच्या आठवड्यात, सोमवारी यंत्र बसवताना, कल्पितानं मला ऑफिसात फोन केला. मी पासवर्ड सांगितला, पत्ता विश्वासू यादीत कसा टाकायचा ते सांगितलं. ती म्हणाली, टाकला, टेस्टचा निरोपही पोचला." अनयनं लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. "ही ती यादी. बघ."

यादीत चार पत्ते होते. बँक, वीज कंपनी, त्याच्या बायकोचं, श्वेताचं ऑफिस आणि गॅस. क्लिनिक नव्हतं.

"मग टेस्ट कशी पोचली?"

"तिनं स्वतःच्या मोबाइलचं नेट लावलं असेल. पाच मिनिटांत काम उरकलं आणि पळाली. बाबा मरता मरता वाचलेत, आत्या!" त्याचा आवाज एकदम कापला. पोरगा बापासाठी तळमळत होता, हे खरंच होतं.

शर्मिष्ठानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण प्रश्न सोडला नाही. "ही डबी कामाची नोंद ठेवत असेल ना? कुणी कधी काय बदललं त्याची?"

"ठेवते ना. तिथेच तर गोम आहे." अनयनं दुसरं पान उघडलं. "नोंद सुरू होते गुरुवारी, दसऱ्याच्या सकाळी, दहा बावन्नला. त्याच्या आधीचं सगळं गायब. कुणीतरी पुसलंय."

३

कल्पिता वेसाव्याला घराच्या ओट्यावर बसली होती. शर्मिष्ठाला बघून उठली नाही.

"मावशी, तुम्ही माझी चौकशी करायला आलात की कीव करायला?"

"चौकशी. कीव करायला मला वेळ नाही, उद्याचा दिवस हातात आहे फक्त. सांग, सोमवारी काय केलंस?"

"अनयदादांनी फोनवर सांगितलं तसंच केलं. काकांच्या टॅबवर पत्ता टाकला. खाली बटण होतं, अप्लाय. दादा म्हणाले, ते दाब, झालं. दाबलं. टेस्ट पाठवली, क्लिनिकला पोचली."

"मोबाइलचं नेट वापरलंस?"

"नाही."

"पुरावा?"

"नाही ना! तेच तर बोंबलतेय मी. सगळे म्हणतात यादीत पत्ता नाही म्हणजे तू टाकलाच नाहीस. सहा वर्षांत माझ्या एका पेशंटचं यंत्र बंद पडलेलं नाही, पण ते कोण विचारतंय?" कल्पिताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला त्याचाच राग आला. तिनं ते खसकन पुसलं.

एक्स्चेंजमध्ये गिऱ्हाइकाची तक्रार आली की शर्मिष्ठा पहिला प्रश्न हाच विचारायची, की शेवटचा फोन नीट लागला तो कधी.

"कल्पिता, सोमवारी तू निघून गेल्यावर त्या यंत्रानं एकदा तरी काही पाठवलं होतं का?"

"नाही... थांबा." कल्पिता सरळ बसली. "मंगळवारी! संध्याकाळी सहाच्या सुमारास. तुमच्याकडे लिफ्ट बंद होती, काका चार मजले चढून आले आणि दोन ठोके चुकले. मला निरोप आला, मी लगेच फोन केला. काका म्हणाले, दम लागलाय फक्त, पाणी पितोय."

"तू तेव्हा कुठे होतीस?"

"मुलुंडला. दुसऱ्या पेशंटकडे."

"म्हणजे तुझा मोबाइल मुलुंडला होता. मग मार्तंडच्या घरातून निरोप निघाला तो कुणाच्या नेटवरून?"

कल्पिताचं तोंड उघडंच राहिलं. "घरच्या वायफायवरून! अय्या मावशी, क्लिनिकच्या कॉम्प्युटरवर ही नोंद असणार. आणि मी मूर्खासारखी नुसत्या टेस्टबद्दलच भांडत बसले."

"पत्ता यादीत होता, मंगळवारी संध्याकाळपर्यंत तरी होता," शर्मिष्ठा म्हणाली. "शुक्रवारी दुपारी नव्हता. तू टाकलास ते खरं. मधल्या काळात तो कुणीतरी काढला."

आणि त्या मधल्या काळात कल्पिता त्या घरात पाऊलही टाकायला गेली नव्हती. होते ते सगळे घरचेच.

४

चैतन्य गोरेगावच्या एका स्टुडिओत कॉम्प्युटरचं जाळं सांभाळायचा. गुरुवारी सकाळी शर्मिष्ठा तिथे जाऊन थडकली.

"आत्या, माझ्यावर संशय?" तो हसला. "तसा घ्यायला हरकत नाही. मी अनयला बजावलं होतं, माझ्या यादीला भोकं पाडत बसू नका म्हणून. पण ती डबी बाहेरून उघडत नाही. घरात बसूनच उघडावी लागते. आणि दसऱ्याला मी तुमच्याकडे आलो तेव्हा बारा वाजून गेले होते. तुम्हीच दार उघडलंत, सोनं दिलं मी तुम्हाला."

ते खरं होतं. शर्मिष्ठानं मनातल्या यादीतून त्याचं नाव खोडलं. "नोंद पुसली तर पुसणाऱ्याचं नाव राहतं का?"

"राहतं. नव्या नोंदीची पहिलीच ओळ तीच असते. अमक्यानं पुसलं, इतक्या वाजता."

शर्मिष्ठानं पर्समधून कागद काढला. काल अनयकडून तिनं त्या पानाची प्रत काढून घेतली होती. चैतन्यनं पहिली ओळ वाचली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे पुसलेलं नाही, आत्या. इथे लिहिलंय, 'सिस्टीम स्टार्टेड'. डबी बंद होऊन पुन्हा चालू झाली. स्वस्तातलं मॉडेल आहे, बंद झालं की आधीची नोंद जाते."

"आणि यादी? ती पण जाते?"

"सेव्ह केलेली नाही जात. अप्लाय नुसतं दाबलं तर बदल चालू होतो, पण चालू आहे तोवरच. फळ्यावर लिहिल्यासारखं. सेव्ह दाबलं तरच तो वहीत उतरतो." चैतन्य बोलता बोलता थांबला. "अनयनं तिला सेव्ह दाबायला सांगितलं होतं ना?"

नव्हतं सांगितलं. 'अप्लाय दाब, झालं.' शर्मिष्ठाला कल्पिताचे शब्द जसेच्या तसे आठवले. दुसऱ्याच्या कागदात खोट काढणारा अनय स्वतः अर्धंच सांगून मोकळा झाला होता. पण डबी आपण होऊन बंद पडत नाही. वीज गेली असेल? ती गेली की मायक्रोवेव्हचं घड्याळ शून्यावर येतं आणि श्वेता दरवेळी ते लावायला विसरते. काल ते बरोबर वेळ दाखवत होतं. म्हणजे प्लग कुणीतरी हातानं काढला. दसऱ्याला, साडेदहाच्या सुमारास.

त्या वेळी अनय श्रीखंडाच्या रांगेत होता. मार्तंड अंघोळीला गेला होता, आणि त्याची अंघोळ म्हणजे पाऊण तास. राहिली श्वेता. तिला ही डबी डोळ्यांसमोर नको असायची, ऑफिसची पानं अडवते म्हणून.

संध्याकाळी शर्मिष्ठानं तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"श्वेता, दसऱ्याला तुला सुट्टी नव्हती ना?"

"कुठली सुट्टी? परदेशातले क्लायंट, त्यांना काय दसरा नि काय दिवाळी. आतल्या खोलीत कॉलवर होते मी." श्वेता कणीक मळत होती. "आणि ऐन मीटिंगमध्ये नेट गेलं. चांगली पंधरा मिनिटं. वाट लागली माझी."

"किती वाजता?"

"साडेदहा, पावणेअकरा."

"मग तू काय केलंस?"

"बाहेर आले बघायला." एवढं म्हणून श्वेतानं हात थांबवले. मग पुन्हा कणीक मळायला लागली, उगाच जोर लावून. "आत्या, सोडा ना आता हा विषय. बाबा बरे झालेत."

"सोडणार नाही. ती मुलगी उद्या चार वाजता उभी राहणार आहे. हॉलमध्ये डबीपाशी कोण होतं?"

"आत्या, प्लीज."

"श्वेता!"

श्वेतानं तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते.

"तुम्ही होतात," ती म्हणाली.

५

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसं काही झालं नाही. शर्मिष्ठाला सगळं अगदी स्पष्ट आठवलं, आणि तेच वाईट होतं.

दसऱ्याला गुप्त्यांच्या घरी अवजारांची पूजा असायची. वडिलांच्या काळात करवत, विळी आणि शाईची दौत पाटावर यायची; आता मिक्सर, लॅपटॉप, मार्तंडचा पान्यांचा संच. ज्याच्यावर घर चालतं त्याला वर्षातून एक दिवस पुसायचं, हळदकुंकू लावायचं, घटकाभर विसावा द्यायचा. हे काम थोरल्या बहिणीचं, म्हणजे तिचंच. यंदा तिनं सकाळी नऊलाच येऊन सगळं मांडलं होतं. मग तिचं लक्ष त्या डबीकडे गेलं. वर्षभर घराची राखण करतोय बिचारा वॉचमन, त्याची पूजा कुणी करायची? ओल्या फडक्यानं पुसायचं म्हणून तिनं आधी प्लग काढला, डबी पाटावर ठेवली, हळदकुंकू, फूल, अक्षता. आरती झाल्यावर प्लग परत लावला. तिच्या लेखी ती इतकी रोजच्यातली गोष्ट होती की दोन दिवस चौकशी करताना ती एकदाही मनात आली नव्हती.

एक्स्चेंजमध्येही पूजा व्हायची. तिथे दरवर्षी नव्या पोरींना तीच दरडावून सांगायची, कुंकू लावा, फूल वाहा, पण चालू लाइनला हात लावायचा नाही. कुणाच्या घरी कुणी मरणाला टेकलेलं असेल. बत्तीस वर्षं सांगितलं. आणि घरी, सख्ख्या भावाच्या घरी, तिनं स्वतः लाइन तोडली होती.

"तुला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"काल कळलं. अनय तुम्हाला दहा बावन्न म्हणाला ते ऐकलं तेव्हा. तुम्हाला सांगायचा धीर नाही झाला."

"आणि अनयला?"

श्वेतानं दाराकडे बघितलं. अनय दारातच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

शर्मिष्ठा उठली. ती हॉलमध्ये गेली. "आधी खात्री करून घेऊ. पत्ता टाक यादीत. अप्लाय दाब. सेव्ह नको."

अनयनं टाकला. यादीत पाच पत्ते झाले. शर्मिष्ठानं प्लग काढला, पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत बसली आणि पुन्हा लावला. अनयनं यादी उघडली. चार पत्ते. नोंदीचं पान कोरं, पहिली ओळ तीच, 'सिस्टीम स्टार्टेड'.

"आत्या," अनय हळूच म्हणाला, "वीज गेली होती असं सांगू ना आपण. कुणाचाच दोष नाही मग."

"वीज गेली नव्हती. आणि तसं म्हटलं तर ते तिलाच विचारतील, बाई गं, तू सेव्ह का केलं नाहीस? तेव्हा तू काय सांगणार?"

अनयनं लॅपटॉप मिटला.

"माझं मी सांगेन," शर्मिष्ठा म्हणाली. "तुझं तू बघ."

६

शुक्रवारी ती आधी हॉस्पिटलात गेली. मार्तंड उशीला टेकून चहा पीत होता. तिनं उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाली, "मार्तंडा, माझ्या हातानं तुझा जीव जात होता रे." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रडली.

मार्तंडनं तिला रडू दिलं. मग कप खाली ठेवला. "ताई, मी आहे जिवंत. माझी माफी नंतर माग, सवडीनं. चारला त्या पोरीकडे पोचायचंय ना तुला? रिक्षा मिळत नाहीत या वेळी."

क्लिनिकच्या वरच्या मजल्यावर डॉक्टर ऋता सामंत टेबलामागे बसल्या होत्या. समोर कल्पिता, पाठ ताठ, हात मांडीवर घट्ट. मागच्या खुर्चीवर सगुणा. अनयही आलेला बघून शर्मिष्ठाला बरं वाटलं, पण तो खिडकीबाहेर बघत होता.

शर्मिष्ठा बसली नाही. मंगळवारचा निरोप, दहा बावन्नची ओळ, प्लग, पूजा, काल केलेला प्रयोग, सगळं तिनं एका दमात, क्रमानं सांगितलं. डॉक्टरांनी कॉम्प्युटर उघडून मंगळवारची नोंद पाहिली. ती तिथे होती, सहा वाजून चार मिनिटांची.

"प्लग मी काढला," शर्मिष्ठा म्हणाली. "या मुलीनं तिला सांगितलेलं प्रत्येक काम केलं होतं."

"पण पत्ता कायमचा सेव्ह केला नव्हता," डॉक्टर म्हणाल्या. "ते राहिलंच ना?"

शर्मिष्ठानं अनयकडे बघितलं नाही. पोराला ढकलून बोलतं केलं तर त्याला काय अर्थ, असं तिला वाटलं. ती वाट बघत राहिली.

"ते मी तिला सांगितलं नव्हतं," शेवटी अनय म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "मी मीटिंगमध्ये होतो, घाईत होतो. अप्लाय दाब, झालं, असं म्हणालो. आणि यादीत पत्ता नाही दिसल्यावर मला पहिल्यांदा हिचीच शंका आली. माझी स्वतःची आली नाही. मी तक्रार मागे घेतो. कल्पिता, माझं चुकलं."

"माझंही," शर्मिष्ठा म्हणाली. "तुझ्या आईसमोर सांगते."

सगुणा पदरानं तोंड पुसत राहिली. कल्पितानं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. ती हसली नाही, 'जाऊ दे मावशी' असंही म्हणाली नाही.

"लिहून द्या," ती म्हणाली. "तक्रार लेखी होती ना? मग हेही लेखी द्या. दोघांनी."

डॉक्टरांनी कोरे कागद पुढे सरकवले. शर्मिष्ठा आता बसली. तिनं स्वच्छ अक्षरात तारीख घातली, खाली आपलं नाव, वय आणि मार्तंडशी नातं लिहिलं, आणि पहिल्या ओळीत प्लग काढल्याचं लिहिलं. तिला लाज वाटत होती, आणि बऱ्याच दिवसांनी श्वासही नीट येत होता. शेजारी अनयनं पेन उघडलं.

"कल्पिता, तुला काही सांगायचंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी कामाला लागू का?" कल्पिता उठून उभी राहिली होती. "घरी वायफायवर यंत्र असलेले बावीस पेशंट आहेत माझे. सगळ्यांना फोन करून विचारते, दसऱ्याला काय काय बंद केलं होतं ते."